मालेगावचा निर्माता : नासिर शेख यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन

प्रस्तावना

चित्रपट समीक्षेत दिग्दर्शक, नट, गीतकार आणि संगीतकार यांच्यावर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने निर्मात्याचा विचार फार थोडा झालेला दिसतो. निर्माता म्हणजे पैसे घालणारा माणूस, एवढीच आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः कोणती गोष्ट निवडायची, किती खर्चात बसवायची, कोणाकडून काम करून घ्यायचे, तयार झालेला चित्रपट कोणाला, कोठे आणि किती पैशांत दाखवायचा, हे सर्व निर्णय निर्मात्याचे असतात. हे निर्णय कलाकृतीच्या बाहेरचे नसतात, ते कलाकृतीत उतरतात. स्वतंत्र निर्मात्याच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच खरी ठरते, कारण त्याच्या पाठीशी कंपनी नसते, बँक नसते आणि वितरकही नसतो.

प्रस्तुत लेखात नासिर शेख यांच्या कारकिर्दीचा निर्माता या दृष्टीने विचार केला आहे. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव या यंत्रमागाच्या शहरात त्यांनी सन २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' हे चित्रपट केले. त्यांच्याविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात कौतुकाचा भाग मोठा आहे. गरीब गावातील वेडा सिनेमाप्रेमी, असे त्यांचे चित्र रूढ झाले आहे. हे कौतुक प्रामाणिक असले तरी अपुरे आहे. नासिर शेख यांचे खरे कर्तृत्व वेडात नसून हिशेबात आहे, आणि त्यांच्या कारकिर्दीची मर्यादाही त्याच हिशेबातील एका न भरलेल्या रकान्यात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा विषय सुरतच्या पांडेसऱ्यातून पाहण्यालाही कारण आहे. पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी भाषक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. नंदुरबार, अमळनेर या बाजूने येणारा ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग उधन्यालाच येऊन मिळतो. पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील रंगाई-छपाईच्या गिरण्या आणि मालेगावचे माग यांचे जग एकाच धाग्याचे आहे. येथील वर्गात बसणारा विद्यार्थी आणि मालेगावच्या चित्रपटांतून काम करणारा कारागीर यांच्यात फारसे अंतर नाही. म्हणून या कारकिर्दीतून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हा प्रश्न आपल्यासाठी केवळ रसिकतेचा राहत नाही.

पार्श्वभूमी

मालेगाव मोसम नदीच्या काठी वसले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे पावणेपाच लाख होती. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकर कुटुंबांनी येथे हातमाग आणले, पुढे त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. आठवडाभर माग चालतात आणि शुक्रवारी बंद राहतात. त्या एका सुट्टीच्या दिवशी मागावरचा कामगार सिनेमाकडे वळतो. मालेगावच्या चित्रपटवेडाचा उगम या सुट्टीत आहे. दिवसाचे दहा-बारा तास मागाच्या खडखडाटात काढणाऱ्या माणसाला स्वस्त करमणूक हवी असते, आणि ती त्याच्या बोलीत मिळाली तर तो दुप्पट खूश होतो.

वृत्तपत्रांच्या वाचकांना मात्र हे शहर वेगळ्याच कारणांनी माहीत झाले. ८ सप्टेंबर २००६ आणि २९ सप्टेंबर २००८ च्या बाँबस्फोटांनंतर मालेगाव म्हटले की तणाव, हे समीकरण बनले. त्याच काळात त्या शहरात काही तरुण लोकांना हसवण्यासाठी कॅमेरा घेऊन हिंडत होते, ही वस्तुस्थिती विसरता येणार नाही. तथापि त्यांच्या चित्रपटांचे मोल केवळ या पार्श्वभूमीवरून ठरवणे योग्य नाही. दुःखी गावाने हसून दाखवले म्हणून ते हसणे आपोआप चांगली कला होत नाही. कला म्हणून आणि व्यवहार म्हणून त्याची परीक्षा स्वतंत्रपणेच व्हायला हवी.

व्हिडिओ पार्लर : निर्मात्याची शाळा

नासिर शेख यांची सुरुवात व्हिडिओ पार्लरपासून झाली. छोट्या खोलीत दूरचित्रवाणी संच आणि व्हीसीआर ठेवून, थोडक्या पैशांत चित्रपट दाखवण्याचा हा धंदा ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत गावोगावी होता. चित्रपट शिक्षणाची कोणतीही संस्था जे सहसा शिकवत नाही ते त्यांना येथे शिकायला मिळाले. प्रेक्षक कोणत्या प्रसंगाला पुढे सरकून बसतो, कोठे कंटाळतो, कोणत्या संवादाला शिट्टी मारतो, हे पार्लरचा मालक रोज पाहत असतो. एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर दृश्ये उतरवता उतरवता संकलनाचे प्राथमिक तंत्रही त्यांनी आत्मसात केले.

रीमा कागती यांनी दिग्दर्शित केलेल्या 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' या चित्रपटात हा भाग कथारूपाने आला आहे. त्यात पार्लरवर पोलिसांचा छापा पडतो, आणि दुसऱ्यांचे चित्रपट दाखवण्यापेक्षा आपलाच चित्रपट का काढू नये, असे नायकाला वाटते. प्रसंगाचे नाट्य बाजूला ठेवले तरी त्यातील तर्क महत्त्वाचा आहे. पार्लरवाल्याकडे प्रेक्षक होता, जागा होती, यंत्र होते. नव्हता तो फक्त माल. बहुतेक होतकरू निर्माते आधी चित्रपट बनवतात आणि मग प्रेक्षक शोधतात. नासिर शेख यांनी आधी प्रेक्षक पाहिला आणि मग चित्रपट बनवला. त्यांच्या कारकिर्दीची गुरुकिल्ली या क्रमात आहे.

'मालेगाव के शोले' : विडंबनाचे अर्थशास्त्र

मूळ 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. जी. पी. सिप्पी निर्माते होते आणि रमेश सिप्पी दिग्दर्शक. खर्च सुमारे तीन कोटी रुपये झाला आणि चित्रीकरण कर्नाटकातील रामनगर परिसरात दीर्घकाळ चालले. 'मालेगाव के शोले'चा खर्च सुमारे ५०,००० रुपये सांगितला जातो. म्हणजे पंचवीस वर्षांची महागाई न धरताही मूळ चित्रपटाचा खर्च सहाशेपट होता.

इतक्या थोड्या पैशांत चित्रपट काढायचा तर विडंबन हाच सर्वांत शहाणपणाचा पर्याय होता. नवी गोष्ट सांगायची तर पात्रांची ओळख करून द्यावी लागते, वातावरण उभारावे लागते, जाहिरात करावी लागते. या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो. विडंबनात हे सारे आधीच झालेले असते. गब्बर कोण, वीरू कोण, टांगा कोणाचा, हे प्रेक्षक घरूनच शिकून आलेला असतो. निर्मात्याला फक्त अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांच्यातील अंतर दाखवायचे असते, आणि ते अंतर जितके मोठे तितके हसू मोठे. म्हणजे पैशाची चणचण, जी इतर प्रकारांत दोष ठरते, ती येथे गुण बनते.

याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे घोड्यांऐवजी सायकलींवरून येणारे डाकू. घोडे परवडत नव्हते म्हणून सायकली आल्या, हे खरेच. पण सायकल हे मालेगावच्या कामगाराचे रोजचे वाहन आहे. पाळी संपवून घरी जाणारा माणूस ज्या वाहनावर बसतो त्याच वाहनावर रामगढचे डाकू बसतात, तेव्हा सिनेमातील दहशत गल्लीत येऊन केविलवाणी होते. प्रेक्षक गब्बरला हसतो तसा स्वतःलाही हसतो. निर्मात्याचा काटकसरीचा निर्णय येथे थेट आशयात उतरला आहे.

तथापि या यशाची एक बाजू दुर्लक्षिता येत नाही. विडंबनाचे भांडवल उसने असते. मूळ चित्रपट प्रेक्षकाच्या स्मरणात आहे तोवरच ते चालते. कायद्याच्या दृष्टीनेही जागा निसरडी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये टीका व परीक्षण यांसाठी सवलत आहे, पण विडंबनाचा स्पष्ट उल्लेख त्यात नाही. दुसऱ्याच्या सुतावर विणलेले कापड आपले किती, हा प्रश्न मालेगावात आणि पांडेसऱ्यात कोणालाही समजावून सांगण्याची गरज पडू नये.

'मालेगाव का सुपरमॅन' : उसन्याकडून स्वतःकडे

या दृष्टीने 'मालेगाव का सुपरमॅन' हा पुढचा टप्पा ठरतो. त्याच्या निर्मितीची हकीकत फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटात सविस्तर आली आहे. निर्मितीची प्रक्रिया दाखवणारा इतका बोलका दस्तऐवज भारतीय चित्रपटात विरळाच. सुपरमॅनची भूमिका करणारे शफीक शेख यंत्रमागावर काम करीत. शरीरयष्टी काटक, पोशाखाच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबते आहे. हिरवा पडदा लावून आकाशात उडण्याची दृश्ये जुळवली जातात. बैलगाडीचा क्रेनसारखा उपयोग होतो, सायकल कॅमेऱ्याची गाडी बनते. एकदा कॅमेराच पाण्यात पडतो. मोठ्या कंपनीत अशा वेळी विमा आणि दुसरा कॅमेरा असतो. येथे तो कॅमेरा हीच सारी गुंतवणूक, आणि तो दुरुस्त होऊन येईपर्यंत काम थांबते. मध्येच नायकाचे लग्न येते, तेव्हा चित्रीकरणाचे वेळापत्रक त्याभोवती बसवावे लागते.

माहितीपट पाहणारा या प्रसंगांना हसतो. परंतु प्रत्येक प्रसंगात निर्मात्याचे काम चालू आहे हे लक्षात घेतले पाहिजे. कोणाची पाळी कधी संपते, कोणाला मालक सुट्टी देईल, कोणाच्या घरी काय कार्य आहे, हे ध्यानात ठेवून चाळीस हातांना एका वेळी एका जागी आणणे ही साधी गोष्ट नाही. नासिर शेख आवाज चढवत नाहीत, अडचण आली की दुसरा मार्ग काढतात. लेखक फरोग जाफरी, संकलनाची बाजू सांभाळणारे अक्रम खान आणि शफीक शेख यांना एकत्र ठेवणारा धागा तेच आहेत.

आशयाच्या बाजूनेही हा चित्रपट 'शोले'च्या पुढे जातो. येथे शत्रू परग्रहावरचा नाही. घाण आणि तंबाखू यांवर प्रेम करणारा खलनायक मालेगावच्या रस्त्यावरचाच आहे. तुंबलेली गटारे, धूळ, पिचकाऱ्यांनी रंगलेल्या भिंती यांच्याशी एका किरकोळ अंगाच्या सुपरमॅनने झुंजायचे, ही कल्पना उसनी राहत नाही. नाव परक्याचे, पण गोष्ट गावाची झाली. विडंबनाच्या पायरीवरून स्वतःच्या विषयाकडे झालेली ही वाटचाल नासिर शेख यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

शफीक शेख यांचे २०११ मध्ये कर्करोगाने निधन झाले. २९ जून २०१२ रोजी हा माहितीपट देशातील चित्रपटगृहांत लागला, तेव्हा पडद्यावर उडणारा नायक ते पाहायला हयात नव्हता.

एक तुलना : दादासाहेब फाळके

मालेगावच्या या निर्मात्याचा पूर्वज शोधायला मुंबईला जावे लागत नाही, तो नाशिक जिल्ह्यातच सापडतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये लंडन गाठले, वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी चित्रफीत काढून भांडवलदाराला पटवले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, चमूचा स्वयंपाक केला आणि फिल्म धुण्याच्या कामातही हात लावला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना ती दिली गेली.

साम्ये उघड आहेत. घरचे भांडवल, हाताने बनवलेली युक्ती, नवशिके नट आणि स्त्री-कलाकारांची अडचण. नव्वद वर्षांनंतरही मालेगावात गावातील स्त्रिया पडद्यावर येत नव्हत्या, नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. फाळके यांना निदान त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई मिळाल्या. मालेगावच्या चित्रपटांत गाव दिसते, पण गावाचा अर्धा भाग दिसत नाही. हा दोष एकट्या निर्मात्याचा नाही, पण समीक्षेने तो नोंदवला पाहिजे. ज्या घरांत स्त्रिया दिवसभर कांड्या भरतात, त्या घरांची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटात त्यांना जागा नसणे ही कलेचीही हानी आहे.

तुलनेचा दुसरा धागा अधिक महत्त्वाचा आहे. फाळके यांनी १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभारली. भांडवल आले, पण त्याबरोबर मतभेदही आले आणि थोड्याच काळात त्यांनी कंपनी सोडली. पुढे ते परत आले तरी जुने स्थान मिळाले नाही, आणि १९४४ मध्ये नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हा ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते. चित्रपट निर्माण करण्याची कला आणि निर्माण केलेल्या चित्रपटावर ताबा ठेवण्याची कला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

न भरलेला रकाना

नासिर शेख यांच्या कारकिर्दीची मर्यादा नेमकी येथे आहे. व्हिडिओ पार्लर होते तोवर चित्रपट दाखवण्याची जागा आणि पैसे गोळा करण्याची जागा एकच होती. व्हिडिओ सीडी आली आणि प्रती काढणे कोणालाही शक्य झाले. एक चित्रपट चालला की त्याच वळणाचे दहा निघू लागले. ज्या सोप्या तंत्रामुळे त्यांना चित्रपट काढता आला, त्याच तंत्राने त्यांच्या मालावरचा ताबा काढून घेतला. पुढे त्यांनी 'मालेगाव का चिंटू' ही मालिका सब टीव्ही वाहिनीसाठी केली. ओळख वाढली, परंतु हे एक प्रकारे जॉब वर्क होते. पांडेसऱ्याची गिरणी व्यापाऱ्याचे ग्रे कापड मीटरच्या दराने रंगवून देते, कापड व्यापाऱ्याचेच राहते. वाहिनीसाठी काम करणारा निर्माताही बहुधा याच नात्यात असतो.

शासनाच्या योजनाही अशा निर्मात्यापर्यंत पोहोचल्या नाहीत. १९९८ मध्ये केंद्र सरकारने चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा जाहीर केला. पण ज्याच्याजवळ नोंदलेली कंपनी नाही आणि तारणही नाही, त्याला बँकेचे दार बंदच राहते. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते आणि ते योग्यच आहे. मालेगावचा चित्रपट मात्र खानदेशी वळणाच्या हिंदी-उर्दूत बोलतो, त्यामुळे तो मराठीच्या योजनेत बसत नाही आणि मुंबईच्या हिंदीतही बसत नाही. 'श्वास'च्या वेळी अरुण नलावडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिद्दीने निर्मिती केली, चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २००४ मध्ये ऑस्करच्या मोहिमेसाठी लोकांनी वर्गणी काढली. त्या निर्मितीमागे भाषेचा अभिमान उभा राहिला. मालेगावच्या बोलीमागे असे कोणी उभे राहिले नाही.

शेवटी एक विरोधाभास नोंदवावासा वाटतो. नासिर शेख यांनी इतरांच्या गोष्टी घेऊन चित्रपट केले. पुढे त्यांचे स्वतःचे आयुष्यच इतरांसाठी गोष्ट झाले. 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' सप्टेंबर २०२४ मध्ये टोरांटो महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. आदर्श गौरव, विनीतकुमार सिंह आणि शशांक अरोरा यांनी त्यात चांगले काम केले आहे. मौलिक लेखन करू पाहणारा लेखक आणि खर्चाचा मेळ घालणारा निर्माता यांच्यातील भांडण हा त्या चित्रपटाचा सर्वांत सच्चा भाग आहे. परंतु जे चित्रपट या मित्रांनी खरोखर काढले ते आज किती विद्यार्थ्यांनी पाहिले आहेत? 'राजा हरिश्चंद्र'च्या काही रिळांचा तुकडाच आज उरला आहे. व्हीएचएसची फीत तर त्याहून नाजूक असते, ती बुरशीने आणि उष्णतेने खराब होते. गोष्ट जगभर जाते आणि मूळ काम कपाटात झिजते, हे आपल्याला परवडणारे नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी दिसून येतात. नासिर शेख यांनी उणिवेलाच शैली बनवले. त्यांनी प्रेक्षक आधी ओळखला आणि खर्च त्याच्या ऐपतीत बसवला. विडंबनापासून गावाच्या प्रश्नापर्यंत त्यांची वाटचाल झाली. परंतु हक्क, वितरण आणि जतन या तीन बाबतींत त्यांच्या हाती काही उरले नाही. स्त्रियांचा सहभागही त्यांच्या चित्रपटांना मिळवता आला नाही.

आज पांडेसऱ्यातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात, नासिर शेख यांच्या पहिल्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला कॅमेरा आहे. मालेगावकडच्या विनोदी चित्रफिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या आहेत. तेव्हा चित्रीकरण शिकवणे हे आता अवघड काम राहिलेले नाही. आपल्या महाविद्यालयांतून जेव्हा लघुपटाचा उपक्रम घेतला जाईल, तेव्हा विद्यार्थ्याकडून कथेबरोबर खर्चाचा कागदही मागावा. काम करणाऱ्या प्रत्येकाचे, चहा करणाऱ्या बहिणीचेसुद्धा, नाव श्रेयनामावलीत आले पाहिजे. चित्रपट कोणाच्या मालकीचा, हे चित्रीकरणाआधी लिहून ठेवावे, आणि एक प्रत ग्रंथालयात जमा करावी.

मागावर बसणाऱ्याला सूत कोणाचे आणि कापड कोणाचे हे विचारायला आपण शिकवतो. कॅमेरा हातात घेणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारायला शिकवले, तर मालेगावच्या या निर्मात्याची मेहनत पुढच्या पिढीच्या उपयोगी पडेल.